फाउल बरोबर, खूण चुकीची: बास्केटबॉल पंचांच्या संकेतांतील नेहमीचा बिघाड कसा शोधावा

शालेय, आंतरमहाविद्यालयीन आणि जिल्हा पातळीवरील सामन्यांत स्कोअररच्या टेबलावर बसणाऱ्यांना आणि नव्या पंचांना शिकवणाऱ्यांना एक तक्रार वारंवार ऐकावी लागते: फाउल खरोखर झाला होता, शिटीही वेळेवर वाजली, पण पंचांनी दाखवलेली खूण त्या फाउलची नव्हती. हा बिघाड मी अनेक पंचांच्या बाबतीत दुरुस्त करत आलो आहे आणि माझे मत असे आहे की खरा दोष हातांत क्वचितच असतो. आपण नेमके काय पाहिले हे मनाशी पक्के होण्याआधीच हात हलतो, आणि मग दिसेल ती खूण बाहेर पडते. असे असले तरी तपासणीची सुरुवात तिथून करू नये. पुष्कळदा कारण त्याहून फार साधे असते आणि एखाद्या सराव सामन्यात निघून जाते, म्हणून सोपे आणि बिनखर्चाचे आधी, अवघड नंतर, हाच क्रम ठेवावा.

येथील सर्व विवेचन फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांना धरून आहे. भारतीय महासंघाच्या आणि त्याला संलग्न संघटनांच्या स्पर्धा याच नियमांनी खेळवल्या जातात, आणि नियमपुस्तकात चित्रांसह दिलेल्या खुणाच तेवढ्या अधिकृत मानल्या जातात.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण टेबलावर दिसते. पंच खुणा करून वळतात, आणि स्कोअरर पेन हवेत धरून शेजारच्या टायमरला विचारतो, "नऊ की पंचेचाळीस?" दुसरे लक्षण बेंचवर दिसते: पंच कमरेवर हात ठेवतात आणि प्रशिक्षक उठून म्हणतात, "सर, त्याने तर हात धरला होता." फाउलबद्दल त्यांची तक्रार नसते, खुणेबद्दल असते. तिसरे लक्षण मैदानावर दिसते. एक पंच फ्री थ्रोसाठी खेळाडूंना रांगेत उभे करत असतात आणि दुसरे पंच थ्रो-इनसाठी बाजूच्या रेषेवर चेंडू घेऊन उभे असतात. चौथ्यात एकाच घटनेवर दोन शिट्या वाजतात, एका पंचांचे हात कमरेवर आणि दुसऱ्यांची मूठ तळहातावर. पाचवे लक्षण सामना संपल्यावरच कळते: स्कोअरशीटवर एका खेळाडूच्या नावापुढे 'यू', म्हणजे अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) फाउल, लिहिलेला असतो आणि तो कोणी, केव्हा दिला हे दोन्ही पंचांना आठवत नाही.

यांपैकी कोणते लक्षण आहे हे आधी लिहून काढावे. 'माझे सिग्नल कच्चे आहेत' एवढ्या तक्रारीवर काहीही दुरुस्त करता येत नाही. पहिल्या लक्षणाचा उपाय चौथ्याला लागू पडत नाही, आणि चौथ्याचा उपाय पहिल्यावर करत बसलात तर महिनाभर मेहनत करूनही स्कोअरर तसाच गोंधळलेला राहतो.

पहिली तपासणी: मूठ की पंजा

फाउलसाठी शिटीबरोबरच बंद मूठ वर जाते आणि नियमभंगासाठी, म्हणजे ट्रॅव्हलिंग, डबल ड्रिबल वगैरेंसाठी, उघडा पंजा. हे सर्वांना पाठ असते, तरीही घाईत पंजा आधी वर जातो आणि अर्ध्या वाटेत त्याची मूठ होते. पंचांना हा बदल क्षुल्लक वाटतो. बेंचला मात्र निर्णय बदलल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत दोन मैदाने लागून असतात आणि पलीकडची शिटी इकडच्या टायमरच्या कानावर पडत राहते. अशा वेळी टायमर शिटीची खात्री हाताकडे पाहूनच करतो, आणि स्कोअररही मूठ दिसली तरच फाउल नोंदवण्याच्या तयारीला लागतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. कोणाला तरी मोबाइलवर फक्त शिटीच्या आसपासचे क्षण टिपायला सांगावे आणि हात वर जाताना तो आधीच बंद आहे की वर गेल्यावर बंद होतो, एवढेच पाहावे. वर गेल्यावर बंद होत असेल, तर हात निघतो तेव्हा निर्णय झालेलाच नसतो, आणि पुढच्या सगळ्या खुणांवर त्याची छाया पडते. मूठ वर नेल्यानंतर एक श्वास थांबावे. फाउल झाल्यावर घड्याळ थांबलेले असते, त्यामुळे त्या एका श्वासाने सामन्याचे काहीही बिघडत नाही.

दुसरी तपासणी: चालता चालता खुणा

फाउल टेबलाला कळवण्यासाठी पंचांनी जिथून टेबलाला ते स्पष्ट दिसतील आणि मध्ये खेळाडू नसतील अशा जागी यावे, थांबावे आणि मग खुणा कराव्यात. चालत चालत क्रमांक दाखवणारे पंच पुष्कळ आहेत. त्यांची पहिली खूण जागेवर, दुसरी वाटेत आणि तिसरी पाठमोरी होते. पाय थांबले की हात आपोआप स्पष्ट होतात, याचा अनुभव एका सामन्यात घेता येतो.

बोटे छातीला चिकटवून दाखवली तर ती शर्टाच्या रंगात हरवतात. खांद्याच्या उंचीवर, शरीरापासून थोडी दूर धरावीत. उघड्या सिमेंटच्या मैदानावर दुपारच्या सत्रात टेबल पश्चिमेला तोंड करून मांडलेले असेल, तर सूर्याला पाठ देऊन उभ्या राहिलेल्या पंचांची टेबलाला फक्त काळी आकृती दिसते. हा दोष पंचांचा नाही, टेबल मांडणाऱ्यांचा आहे. सामन्याआधी दोन मिनिटे स्कोअररच्या खुर्चीवर बसून मैदानाकडे पाहिले, तर तो सामन्याआधीच लक्षात येतो आणि टेबल समोरच्या बाजूला हलवता येते.

तिसरी तपासणी: क्रमांक

फाउलच्या प्रकाराची खूण चुकली तर वाद होतो, क्रमांक चुकला तर फाउल भलत्याच खेळाडूच्या नावावर जातो, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर बसतो. म्हणून या तपासणीला मी प्रकाराच्या आधी ठेवतो.

पूर्वी फिबाच्या स्पर्धांत खेळाडूंना ४ ते १५ एवढेच क्रमांक मिळत आणि दोन हातांत सगळे मावत असे. २०१४च्या नियमांपासून ०, ०० आणि १ ते ९९ हे सर्व क्रमांक खुले झाले. शालेय मुलांच्या जर्सींवर त्यामुळे क्रिकेटपटूंचे आकडे आले: ७, १८, ४५. सातशी काही अडचण नाही. ६ ते १० साठी उजव्या हाताची पाच बोटे आणि डाव्या हाताची उरलेली. ११ ते १५ साठी उजवी मूठ म्हणजे दहा आणि डाव्या हाताची एक ते पाच बोटे. १६पासून पुढे मात्र क्रमांक दोन टप्प्यांत दाखवायचा असतो. आधी दशकाचा आकडा, हाताची मागची बाजू टेबलाकडे करून; नंतर एककाचा आकडा, तळहात टेबलाकडे करून.

४५चेच पाहा. आधी चार बोटे दाखवायची, ती हात उलटा धरून, म्हणजे टेबलाला नखे दिसतील अशी. मग हात खाली घ्यायचा आणि पाच बोटे सरळ दाखवायची. घाईत पंच दोन्ही हात एकदम वर करतात, उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची चार बोटे, दोन्ही तळहात टेबलाकडे. ही नऊची अगदी बिनचूक खूण आहे. स्कोअरर नऊ लिहितो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. १८ची गत याहून वाईट. एक आणि आठ एकदम दाखवायला हातच पुरत नाहीत, म्हणून पंच जुन्या सवयीने आधी मूठ दाखवतात आणि मग आठ बोटे. मुठीला दहा धरायचे की शून्य हे टेबलाला समजत नाही.

यावर उपाय तालमीचा आहे आणि तो घरी आरशासमोर होतो. दोन टप्प्यांच्या मध्ये हात पूर्ण खाली आणायची सवय लावावी, आणि दोन्ही संघांच्या यादीतले १५च्या पुढचे क्रमांक सामन्याआधी एकदा हातांनी करून पाहावेत.

चौथी तपासणी: क्रम आणि तोंड

टेबलाला कळवण्याचे तीन टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: खेळाडूचा क्रमांक, फाउलचा प्रकार, आणि शेवटी फ्री थ्रोंची संख्या किंवा खेळाची दिशा. स्कोअरर याच क्रमाने काम करतो. तो आधी यादीत खेळाडूची ओळ शोधतो, मग त्या ओळीत अक्षर लिहितो, मग अक्षराशेजारी फ्री थ्रोंचा छोटा आकडा. प्रकार आधी आणि क्रमांक नंतर दाखवला, तर ओळ सापडेपर्यंत प्रकार विसरला जातो.

खुणेबरोबर तोंडानेही सांगावे, अशी शिफारस नियमपुस्तकातच आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते इंग्रजीत सांगतात, आपल्या सामन्यांत मराठीत सांगायला कोणाची हरकत नसते. "निळे, अकरा, होल्डिंग, बाजूने" एवढे चार शब्द पुरतात. बोलण्याचा आणखी एक उपयोग असा, की जे शब्दांत नीट सांगता येत नाही ते नीट पाहिलेलेही नसते, आणि ते त्याच क्षणी पंचांच्या स्वतःच्या लक्षात येते.

पाचवी तपासणी: टीव्हीवरून आलेल्या खुणा

आक्रमक खेळाडूच्या फाउलसाठी डोक्यामागे हात नेणारे पंच दिसले, की ते एनबीएचे सामने मन लावून पाहतात हे समजावे. अमेरिकेत ती खूण अधिकृत आहे. फिबाच्या नियमपुस्तकात ती नाही. फिबाच्या पद्धतीत चेंडूसह चार्जिंगसाठी, म्हणजे चेंडू घेऊन बचावपटूवर धडकण्यासाठी, बंद मूठ उघड्या तळहातावर मारतात आणि चेंडू ताब्यात असलेल्या संघाचा फाउल म्हणून मूठ विरुद्ध संघाच्या आक्रमणाच्या दिशेने रोखतात. याशिवाय स्थानिक शोधही असतात: पाडल्याची नक्कल करणे, पायात पाय अडकल्याचे गुडघा वाकवून दाखवणे, कोपराची सगळी कहाणी साभिनय सांगणे. डोक्याला लागलेल्या फटक्याची नक्कल करणे नियमात बसते, कारण ती खूण तशीच आहे. बाकी अभिनय प्रेक्षकांसाठी सोडावा. ज्या पंचांना स्वतःच्या खुणांविषयी शंका आहे त्यांनी नियमपुस्तकातील चित्रे भिंतीवर लावून आपल्या चित्रणाशी ताडून पाहावीत. खर्च फक्त छपाईचा.

सहावी तपासणी: एकमेकींत मिसळणाऱ्या खुणा

इथपर्यंतच्या तपासण्या हातांच्या होत्या. इथून पुढे डोक्याच्या आहेत, आणि बहुतेक जुनाट तक्रारी इथेच सुटतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करावी. स्कोअरशीटवर होल्डिंग, ब्लॉकिंग, पुशिंग, हँडचेकिंग या सर्वांसाठी एकच 'पी', म्हणजे पर्सनल (वैयक्तिक) फाउल, लिहिला जातो. यांपैकी एकीच्या जागी दुसरी खूण दाखवली गेली, तर नोंद बदलत नाही. बदलतो तो खेळाडूला मिळणारा निरोप. कमरेवर हात दाखवले तर बचावपटू पुढच्या वेळी पाय लवकर नेईल. मनगट धरल्याची खूण दाखवली तर तो हात आवरेल. चुकीची खूण मिळाली तर तो भलतीच गोष्ट सुधारतो आणि तोच फाउल पुन्हा करतो. म्हणून ही अचूकता सामन्याच्या नियंत्रणासाठी हवी असते.

एक जोडी मात्र नोंदही बदलते, आणि ती सर्वांत धोक्याची आहे. होल्डिंगमध्ये एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून हात खाली ठेवतात. अनस्पोर्ट्समनलाइक फाउलमध्येही मनगटच धरतात, पण हात वर, डोक्याच्या वर. होल्डिंग दाखवताना आवेशाने हात वर गेले, की टेबलावर 'यू' लिहिला जातो. त्याबरोबर दोन फ्री थ्रो आणि चेंडूचा ताबा जातो, आणि असे दोन फाउल झाले की, किंवा एक असा आणि एक टेक्निकल झाला की, खेळाडू सामन्यातून बाद होतो. लक्षणांत सांगितलेला बेवारस 'यू' बहुधा असाच जन्मतो. होल्डिंगची खूण कमरेच्या उंचीवर करावी आणि तिथेच संपवावी. याच्या उलट, खरोखर अनस्पोर्ट्समनलाइक द्यायचा असेल तर हात पूर्ण वर न्यावेत आणि क्षणभर तिथे ठेवावेत. छातीच्या उंचीवर धरलेले मनगट म्हणजे दोन्हींपैकी काहीच नसते.

हातांच्या फाउलांची खूण निवडताना पुढील प्रश्न उपयोगी पडतो: हाताने काय केले? हात अंगावर टेकवला आणि तिथेच राहिला, आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची वाट अडली, तर ते हँडचेकिंग. हात, जर्सी किंवा कंबर पकडून हालचाल रोखली, तर होल्डिंग. बाहूवर किंवा मनगटावर फटका मारला, तर हातांचा बेकायदा वापर, ज्याची खूण मनगटावर प्रहार करून दाखवतात. हाताच्या पंजावर आघात झाला, तर त्याची वेगळी खूण आहे, ज्यात तळहात दुसऱ्या हाताच्या पुढच्या भागावर मारतात. नवे पंच या चारही प्रसंगी मनगटावर फटका मारून मोकळे होतात, कारण ती खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत जोरदार दिसते.

ब्लॉकिंग आणि पुशिंग यांचा गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. पंच परिणामाकडे पाहतात. खेळाडू पडला की धक्का, अडला की ब्लॉक, असा हिशेब मनात असतो. खूण मात्र फाउल करणाऱ्याच्या कृतीवरून ठरते. हाताने किंवा अंगाने ढकलून प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलवले, तर पुशिंग, मग तो पडो वा न पडो. कायदेशीर जागा न मिळवता त्याच्या वाटेत अंग घातले, तर ब्लॉकिंग, मग तो दहा फूट लांब जाऊन पडला तरी. आक्रमक संघाच्या खेळाडूने हलता स्क्रीन लावला, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवताना तो स्वतः हलत राहिला, तर त्याचीही खूण कमरेवर हात हीच आहे, आणि इथे अनेकांचा विश्वास बसत नाही. कमरेवर हात म्हणजे बचावाचा फाउल, असे डोक्यात बसलेले असल्याने ते स्क्रीनसाठी धक्क्याची खूण करतात. कमरेवर हात दाखवून पुढे ताब्यातील संघाच्या फाउलची मूठ दाखवली, की सगळे स्पष्ट होते.

या सगळ्या निवडींसाठी मी पंचांना एकच सवय लावतो. मूठ वर असतानाच्या त्या श्वासात मनातल्या मनात एक पूर्ण वाक्य म्हणावे: "लाल संघाच्या सातने निळ्या दहाचे मनगट धरले." वाक्य पूर्ण झाले तर क्रमांक, प्रकार आणि शिक्षा यांतले काहीही शोधावे लागत नाही. वाक्य "सातने... काहीतरी केले" असे अडखळले, तर दोष आठव्या तपासणीत आहे.

सातवी तपासणी: शेवटची खूण

तिसऱ्या टप्प्यातील चुका बहुधा हिशेबाच्या असतात. इथे तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत.

फाउल करणाऱ्याचा संघ त्या क्षणी चेंडूच्या ताब्यात होता का? असेल, तर फ्री थ्रो नाहीत, संघाचे कितीही फाउल झालेले असोत. बंद मूठ बाजूरेषेला समांतर, विरुद्ध संघाच्या आक्रमणाच्या दिशेने. नसेल, तर दुसरा प्रश्न: ज्याच्यावर फाउल झाला तो शॉट घेण्याच्या क्रियेत होता का? असेल आणि चेंडू बास्केटमध्ये गेला, तर गुण मोजून एक फ्री थ्रो. गेला नाही, तर शॉट जिथून होता त्यानुसार दोन किंवा तीन. तोही नसेल, तर तिसरा प्रश्न: त्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल आधीच झाले आहेत का? झाले असतील, तर पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. नसतील, तर बोटाने दिशा दाखवून थ्रो-इन. जादा वेळ चौथ्या क्वार्टरचाच भाग धरला जातो, हे इथे विसरले जाते. चार फाउल झाले की टेबलावर लाल मार्कर लावलेला असतो. वळण्याआधी त्याच्याकडे एक नजर टाकणे फुकट आहे.

एक प्रसंग असा आहे ज्यात अनुभवी पंचही चुकीची मूठ दाखवतात. आक्रमक उडी मारतो, चेंडू हातातून सोडतो, आणि जमिनीवर येण्याआधी जागा घेऊन उभ्या असलेल्या बचावपटूवर आदळतो. सवयीने पंच मूठ रोखतात आणि गुण रद्द करतात. चेंडू हातातून सुटताच संघाचा ताबा संपलेला असतो. त्यामुळे चेंडू आत गेला तर गुण मोजले जातात, आणि आक्रमक संघाचा तो पाचवा किंवा पुढचा फाउल असेल तर बचावपटूला दोन फ्री थ्रो मिळतात. चेंडू सुटण्याआधी धडक झाली असेल, तरच गुण रद्द आणि ताब्यातील संघाचा फाउल. म्हणजे इथे योग्य खूण ठरवण्यासाठी आदळणे पाहून भागत नाही, हात आणि चेंडू केव्हा वेगळे झाले हेही दिसलेले असावे लागते.

आठवी तपासणी: दिसले होते का

वरील सर्व नीट असूनही खूण चुकत असेल, तर पंचांनी फाउलचा शेवट पाहिलेला असतो, सुरुवात नाही. ब्लॉकिंग आणि चार्जिंग यांच्या निवडीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. बचावपटू प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जागा घेऊन बसला होता का, आणि धडक त्याच्या छातीवर झाली का, हे धडकेच्या आधी पाहावे लागते. चेंडूवाल्यावर डोळे असतील, तर बचावपटू आधीपासून तिथे होता की शेवटच्या क्षणी आडवा आला हे कळण्याचा मार्गच नसतो. मग कोण पडले यावरून खूण ठरते. म्हणून नजर बचावपटूवर ठेवावी. चेंडूवाला त्याच नजरेत आपोआप येतो, उलट मात्र होत नाही. बास्केटखालच्या अर्धवर्तुळात, म्हणजे १.२५ मीटर त्रिज्येच्या भागात, बचावपटूचे पाय होते का, हेही याच नजरेत दिसते.

उभे राहण्याची जागा हा या तपासणीचा दुसरा भाग. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल असा कोन हवा. एकाच्या पाठीमागून पाहताना सगळे संपर्क धक्क्यासारखे दिसतात, आणि अशा पंचांच्या सामन्यात पुशिंगची खूण सारखी दिसते. एखाद्या पंचांच्या खुणांत एकच प्रकार वारंवार येत असेल, तर मी आधी त्यांचे हात नव्हे तर पाय पाहतो. एक-दोन पावले बाजूला सरकल्याने जे साध्य होते ते खुणांच्या तालमीने होत नाही. ही दुरुस्ती महाग आहे. पैशाने नव्हे, वेळेने. तिला हंगाम लागतो.

आणि जे दिसले नाही त्यावर शिटी वाजवू नये. केवळ आवाज ऐकून किंवा खेळाडू पडलेला पाहून दिलेल्या फाउलला कोणतीच खूण बसत नाही, कारण सांगण्यासारखी कृती पंचांजवळ नसते.

नववी तपासणी: दोन शिट्या

हा बिघाड एकट्याने दुरुस्त होत नाही. दोन पंचांच्या शिट्या एकदम वाजल्या, तर दोघांनीही मूठ वर ठेवून थांबावे, प्रकाराची खूण करू नये आणि एकमेकांकडे पाहावे. ज्यांच्या क्षेत्रात किंवा ज्यांच्याकडे येत असताना ती घटना घडली, ते पुढे जाऊन कळवतात. दुसरे मूठ शांतपणे खाली घेतात. फाउलच्या जागी लगेच कमरेवर हात टेकवण्याची सवय इथे घातक ठरते: एकदा दोन वेगळ्या खुणा सगळ्यांना दिसल्या, की कोणताही निर्णय एका संघाला हिसकावून घेतल्यासारखा वाटतो. सामन्याआधीच्या चर्चेत हा विषय घेतला नसेल, तर बाकी काहीही घेतले असले तरी ती चर्चा अपुरी आहे.

केव्हा थांबावे आणि कोणाला बोलवावे

सामना चालू असताना टेबलासमोर उभे राहून स्वतःची खूण दुसऱ्यांदा बदलू नये. एकदा दुरुस्त करणे ठीक आहे. दुसऱ्यांदा शंका आली तर हात खाली घ्यावेत, सहकारी पंचांना बोलवावे, काय पाहिले ते दोघांनी सांगावे आणि अंतिम निर्णय क्रू चीफवर, म्हणजे मुख्य पंचांवर, सोडावा. अनस्पोर्ट्समनलाइक की डिस्क्वालिफाइंग (खेळाडूला थेट बाद करणारा) असा प्रश्न असेल, किंवा हाणामारी झाली असेल, तर एकट्याने खूण करूच नये. आधी खेळाडू वेगळे करावेत, कोण बेंचवरून आत आले हे लक्षात ठेवावे, मग चर्चा करावी. सामन्याला कमिशनर असतील तर त्यांना माहिती द्यावी.

नोंद चुकल्याचे नंतर कळले, तर घाबरण्याचे कारण नाही, पण कोणती चूक आहे हे ओळखावे लागते. स्कोअररने फाउल चुकीच्या खेळाडूच्या नावावर लिहिला असेल किंवा फाउलांची संख्या चुकली असेल, तर क्रू चीफ स्कोअरशीटवर सही करेपर्यंत ती पंचांना दुरुस्त करता येते. न मिळायला हवे होते असे फ्री थ्रो दिले गेले, किंवा मिळायला हवे होते ते दिले गेले नाहीत, तर मुदत फार कमी असते: चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन पहिल्यांदा चेंडू डेड झाला (खेळ थांबला) की, तो पुन्हा लाइव्ह (खेळात) होण्याआधी ती लक्षात यायला हवी. ही मुदत उलटली असेल, तर सामना पुढे चालवावा आणि वाद अहवालात जाऊ द्यावा.

सामन्याबाहेर, पहिल्या पाच तपासण्या करूनही लक्षण कायम राहिले तर घरच्या तालमीत वेळ घालवू नये. सहावी आणि सातवी संघटनेच्या पंच प्रशिक्षकांसोबत कराव्यात. आठवी तर एकट्याने होतच नाही, कारण आपल्याला काय दिसले नाही हे आपल्याला कळू शकत नाही. दूरच्या बाजूच्या जर्सीचे क्रमांक वाचताना अडखळत असाल, ३ आणि ८ यांत गल्लत होत असेल किंवा संध्याकाळच्या दिव्यांत चुका वाढत असतील, तर प्रशिक्षकांच्याही आधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

प्रशिक्षकांकडे जाताना तोंडी वर्णन नेऊ नये. शिटीच्या आधीच्या काही सेकंदांपासून टेबलाला कळवून पंच वळेपर्यंतचे सलग चित्रण, त्या क्वार्टरच्या स्कोअरशीटचा फोटो, आणि त्या क्षणी मनात आलेले वाक्य कागदावर लिहून, एवढे न्यावे. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईत, दुसऱ्या आणि चौथ्याच्या निळ्या किंवा काळ्या शाईत असतात, त्यामुळे फोटो रंगीत असावा. फोटोकॉपीत कोणता फाउल कोणत्या क्वार्टरचा हे पुसले जाते आणि चित्रणाशी नोंद जुळवता येत नाही.